कुत्रीला ‘अहो’, नोकराला ‘अरे’

रोज रात्री जेवणं आटोपली की आमच्या पॉट्सडॅमच्या घरात एक कार्यक्रम असतो. मी स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसते. मैना नावाची आमची आठ वर्षांची ग्रेहाऊंड कुत्री येते, आपलं लांबट तोंड माझ्या गुडघ्यावर टेकवते, आणि मी तिचे दात घासते. व्हिडिओ कॉलवर बाबांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजीनं जन्मभर मिशरी लावली, तिच्या दाताकडं कुणी बघितलं नाही. आणि तू कुत्रीला ब्रश करतीस?"

मी हसले, पण प्रश्न मनात राहिला. माझं काम अठराव्या शतकातल्या पत्रव्यवहारावर आहे. एखाद्या काळात कुणाची काळजी घेतली जात होती आणि ती घेणारे हात कुणाचे होते, हे जुन्या कागदांतून शोधायचं, असं त्या कामाचं सोप्या शब्दांत वर्णन करता येईल. पण तोच प्रश्न माझ्या स्वयंपाकघराला लावावा, हे बाबांनी टोमणा मारेपर्यंत सुचलं नव्हतं.

मैना आयर्लंडमध्ये शर्यतीत पळायची. तिच्या कानात गोंदलेली अक्षरं अजून दिसतात. पळणं थांबल्यावर एका प्राणिसंस्थेमार्फत ती जर्मनीत आली. आली तेव्हा तिला जिना चढता येत नव्हता, कारण आयुष्यात तिने जिना पाहिलाच नव्हता. काचेच्या दारावर ती दोनदा आपटली. झोपेत कुणी हात लावला तर दचकून गुरगुरायची. ग्रेहाऊंड पाळणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं असतं. हे कुत्रे घरात अतिशय शांत, दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढणारे. पण समोरून ससा किंवा मांजर गेली की शेकडो वर्षांची पैदास एका क्षणात जागी होते. म्हणून उघड्यावर पट्टा सोडायचा नाही, झोपेत अंगावर हात टाकायचा नाही, आधी नावाने हाक मारायची. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, त्यामुळे हिवाळ्यात तिला कोट लागतो. पहिल्या नोव्हेंबरात तिला कोट घालून बाहेर नेलं तेव्हा मलाच लाजल्यासारखं झालं होतं.

पण खरी अडचण तोंडात होती. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि पिवळ्या-तपकिरी किटणाखाली लालभडक हिरड्या दिसल्या. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो, मग तो हिरडीखाली शिरतो, हिरडी सुजते, दात हलू लागतो. सगळ्याच कुत्र्यांना हे होऊ शकतं, पण ग्रेहाऊंड यात पुढे आहेत. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने ब्रिटनमधल्या ५४१९ ग्रेहाऊंडच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या होत्या. २०१६ सालच्या त्या नोंदींत ३९ टक्के कुत्र्यांना दात-हिरड्यांचा विकार निघाला. त्या यादीतला दुसरा क्रमांक वाढलेल्या नखांचा होता, आणि तो बराच मागे, ११ टक्क्यांवर. वेगासाठी पाय पाहिले गेले, छाती पाहिली गेली. तोंडात कुणी वाकून पाहिलं नाही.

मैनेचे सात दात काढावे लागले. ग्रेहाऊंडला भूल देणं हाही जपून करायचा प्रकार. भुलेची काही जुनी औषधं यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतात, म्हणून ग्रेहाऊंडची माहिती असलेला डॉक्टर शोधावा लागतो. इथे जनावरांच्या डॉक्टरांची फी सरकारी दरपत्रकाने ठरते आणि ते दर २०२२च्या नोव्हेंबरात बदलून बरेच वाढले. माझा करार तेव्हा संपत आलेला, पुढच्याचं पत्र आलेलं नव्हतं. बिल हातात घेऊन मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते आणि बाबांचंच वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

तेव्हापासून रोज ब्रश. माणसांची टूथपेस्ट चालत नाही, कारण कुत्रं ती थुंकत नाही, गिळतं. आणि तिच्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यासाठी विष आहे. कुत्र्यांसाठीची वेगळी पेस्ट मिळते, मैनेला कोंबडीच्या चवीची आवडते. जेवण दोन वेळा विभागून, आणि जेवणाआधी-नंतर पळापळ नाही, कारण अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. आणि मराठी घरासाठी एक सूचना: आपली आमटी, भाजी, चिवडा यातलं काही देऊ नका. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट हे सगळं कुत्र्याला घातक. शिजवलेलं हाडही नको, त्याच्या कपऱ्या होतात.

*

आमच्या घरापासून सान्सुसीची बाग चालत अर्ध्या तासावर. मैनेला आणि मला दोघींनाही ती वाट पाठ आहे. द्राक्षांचे मजले चढून वर गेलं की पिवळ्या रंगाचा तो बुटका राजवाडा लागतो, आणि त्याच्या बाजूला गवतात काही साध्या दगडी शिळा. त्यातल्या एका शिळेवर लोकांनी बटाटे ठेवलेले असतात. ती प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याची कबर. बटाटे अशासाठी, की प्रशियात बटाट्याचं पीक रुजवण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. शेजारच्या शिळा त्याच्या कुत्र्यांच्या.

हे कुत्रे ग्रेहाऊंडचीच चिमुकली आवृत्ती. आज त्यांना इटालियन ग्रेहाऊंड म्हणतात, जर्मनीत जुना शब्द विंटश्पील. राजाची सगळ्यात लाडकी कुत्री बिश. ३० सप्टेंबर १७४५ रोजी सोर इथल्या लढाईत राजा जिंकला, पण त्याचं सामान ऑस्ट्रियन सैन्याने लुटलं आणि सामानाबरोबर बिशही शत्रूच्या हाती पडली. पुढे ऑस्ट्रियनांनी तिला सन्मानाने परत पाठवलं. राजाची बहीण विल्हेल्मिना हिच्याकडे फोलिशाँ नावाचा कुत्रा होता. १७४८ साली या बहीण-भावांनी एकमेकांना पत्रं लिहिली ती फोलिशाँ आणि बिश यांच्या नावाने! १७५२च्या अखेरीस बिश गेली तेव्हा राजाने बहिणीला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. युरोपला घाबरवणारा सेनापती त्यात एका कुत्रीसाठी रडतो आणि आपण रडतो याची त्याला थोडी लाजही वाटते.

या कुत्र्यांच्या सेवेला खास नोकर असे. त्या काळापासून सांगितली जाणारी गोष्ट अशी, की राजाचा मुक्काम हलला की कुत्र्यांना सहा घोड्यांच्या गाडीतून नेत. गाडीत मानाच्या जागेवर कुत्रे आणि उलट तोंडाच्या जागेवर नोकर. नोकराने कुत्र्यांशी बोलताना ‘झी’ हे आदरार्थी सर्वनाम वापरायचं. म्हणजे आपल्या भाषेत, "अहो बिशबाई, जरा नीट बसा." जर्मनीत राहणाऱ्या वाचकांना याची गंमत लगेच कळेल, कारण ‘झी’ म्हणायचं की ‘डू’ या पेचात आपण सगळेच ऑफिसात कधी ना कधी अडकलेलो असतो.

पण या गोष्टीची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. त्या काळात वरचा माणूस खालच्या माणसाशी बोलताना ‘एर’, म्हणजे ‘तो’, असं म्हणत असे. "त्याने दार लावावं, त्याने जावं." समोर उभ्या असलेल्या माणसाला तृतीयपुरुषी एकवचनात बोलायचं. राजाही हाताखालच्यांशी असाच बोले. म्हणजे गाडीत कुत्री बसली आहे तिला ‘अहो’, आणि तिला ‘अहो’ म्हणणाऱ्या नोकराला ‘अरे’पेक्षाही खालचं काहीतरी. त्याच राजाच्या सैन्यात चुकलेल्या शिपायाला छडीवाल्यांच्या दोन रांगांमधून चालवून उघड्या पाठीवर मार देण्याची शिक्षा चालू होती. बिशचं नाव अडीचशे वर्षांनंतर मला ठाऊक आहे. नोकराचं नाव नाही.

राजाची गंमत पुढेही आहे. म्हातारपणी त्याचे पुढचे दात पडले आणि जन्मभर वाजवलेली बासरी त्याला सोडावी लागली. प्रशियाच्या राजाच्या दातांनाही वैद्य पुरे पडले नाहीत. त्याच्या कुत्र्यांच्या दातांचं काय झालं असेल, याचा विचार आता मी मैनेला घासताना करते. शेवटच्या रात्री, १७ ऑगस्ट १७८६च्या पहाटेआधी, शेजारी थंडीने कुडकुडणाऱ्या कुत्र्यावर पांघरूण घाला असं त्याने सांगितलं, अशी आठवण नोंदलेली आहे.

त्याची इच्छा या टेकडीवर, कुत्र्यांशेजारी, गाजावाजा न करता पुरलं जाण्याची होती. जागा त्याने १७४४ सालीच तयार करून घेतली होती. पुतण्याला ते शोभेसं वाटलं नाही. त्याने काकाला पॉट्सडॅमच्या गॅरिझन चर्चमध्ये बापाशेजारी ठेवलं, ज्या बापाशी त्याचं जन्मभर पटलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ती शवपेटी थुरिंगियातल्या एका खाणीत लपवली गेली, मग मारबुर्गला, मग १९५२ मध्ये होहेनत्सोलर्नच्या गढीत. १७ ऑगस्ट १९९१ रोजी, मृत्यूनंतर बरोबर २०५ वर्षांनी, राजा आपल्या कुत्र्यांशेजारी पोचला.

*

सातारकर वाचक एव्हाना म्हणत असतील, "यात काय मोठंसं? आमच्याकडे खंड्या आहे." बरोबर आहे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे आणि तिथेच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा. महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. ग्रँट डफ तर लिहितो, की एकदा दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. शाहू महाराज १७४९च्या डिसेंबरात गेले. म्हणजे इकडे बिश सहा घोड्यांच्या गाडीतून हिंडत होती, त्याच्या थोडंच आधी तिकडे खंड्याला पालखी मिळाली होती. दोन्ही राजांना एकमेकांच्या कुत्र्यांची वार्ता असण्याचं कारण नाही, पण भेटले असते तर पहिला तास छान गेला असता.

पालखी म्हटली की भोई आले. पालखीत बसलेल्या खंड्याचं नाव उरलं. खांदा देणाऱ्यांचं?

हे फक्त राजेशाहीतच घडतं असंही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ॲरियन नावाचा लेखक होऊन गेला. सिकंदराचा इतिहास लिहिणारा म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. त्याने शिकारी कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहिलं आणि त्यात गॉल प्रांतातल्या वेगवान कुत्र्यांचं, म्हणजे आजच्या ग्रेहाऊंडसारख्या कुत्र्यांचं, संगोपन सांगितलं. ते वाचताना वाटतं हा माणूस आपल्याच पार्कात भेटतो. कुत्र्याने माणसाशेजारी झोपावं, त्याने ते माणसाळतं. अंग चोळून द्यावं. खायला भाकरी, आजारी पडलं तर बैलाच्या मांसाचा रस्सा, निखाऱ्यावर भाजून भुगा केलेलं काळीज. कुत्रा दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला पूर्ण शिकारीला जुंपू नये. स्वतःच्या होर्मे नावाच्या कुत्रीबद्दल तो लिहितो, की तिचं नाव मागे राहावं म्हणून मी ते मुद्दाम लिहून ठेवतो आहे. राहिलं. पण कुत्र्याशेजारी झोपणारा तो माणूस, निखाऱ्यावर काळीज भाजणारा तो माणूस ॲरियन स्वतः दरवेळी नसणार. रोमन साम्राज्यातल्या सुखवस्तू घरात ही कामं बहुतेक गुलामांची.

मी कुत्र्यांवरच्या प्रेमावर टीका करते आहे असं वाटू देऊ नका. पण इतिहास शिकलेल्या माणसाला जर्मनीत राहून एक गोष्ट विसरता येत नाही. या देशाचा पहिला व्यापक प्राणिसंरक्षण कायदा नोव्हेंबर १९३३चा, म्हणजे नाझी राजवटीचा. १९३५ साली न्यूरेंबर्गला हिटलरने जर्मन पोरांना चपळाईसाठी आदर्श दिला तो ग्रेहाऊंडचाच. आणि १९४२च्या मे महिन्यात याच राजवटीने ज्यूंना कुत्रं, मांजर, पक्षी पाळायला बंदी केली. ड्रेस्डेनचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर यांना आणि त्यांच्या पत्नीला आपलं म्हातारं मांजर डॉक्टरकडे नेऊन मारावं लागलं. त्यांच्या रोजनिशीतलं ते पान मी एकदाच वाचू शकले. प्राण्यांवर माया करणारा समाज माणसांवर करतोच असं नाही. आजचा जर्मनी वेगळा आहे. प्राण्यांचं रक्षण इथे २००२पासून राज्यघटनेत आहे आणि २०२२पासून कुत्र्याला दिवसातून दोनदा, मिळून किमान तासभर बाहेर नेणं नियमाने बंधनकारक आहे. हे चांगलंच आहे. फक्त ते पुरेसं आहे असं समजायचं नाही, एवढंच.

*

आता माझ्या घराकडे येते, कारण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

आमचं गाव जत तालुक्यात. तिकडे कर्नाटकाच्या सीमेपर्यंत आणि पलीकडेही ग्रेहाऊंडचा भाऊबंद शोभेल असा कुत्रा आहे. आपण त्याला कारवानी म्हणतो, केसाळ असेल तर पश्मी. कर्नाटकात तोच मुधोळ हाऊंड. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीची निगुतीने पैदास केली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली, असं सांगतात. २००५ साली पोस्टाने या कुत्र्याचं तिकीट काढलं, पुढे लष्करानेही काही पिल्लं प्रशिक्षणाला मेरठला नेली. प्रत्येक लेखात मालोजीरावांचं नाव असतं आणि ते असायलाही हवं. पण त्याच लेखांत ओझरतं एक वाक्य असतं, की राजांनी हे कुत्रे पहिल्यांदा पाहिले ते शिकार करणाऱ्या बेडर लोकांकडे. म्हणजे जात टिकवली होती ती त्यांनी. रानात, भाकरीच्या तुकड्यावर.

आमच्या आजोबांकडे एक कारवानी कुत्री होती, चांदणी. मी सात-आठ वर्षांची असताना ती म्हातारी झालेली. तिने खाणं सोडलं. भाकरी पुढ्यात टाकली की वास घ्यायची, तोंडात धरायची आणि मान वाकडी करून सोडून द्यायची. सगळे म्हणाले, वय झालं. आमच्या सालगड्याने मात्र, आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो, ज्वारीची भाकरी कुस्करून ताकात भिजवायला सुरुवात केली. बोटाने लापशीसारखं एकजीव करून तिच्या तोंडाच्या एका बाजूने भरवायचे. नेहमी डाव्याच बाजूने. ती खायची. तशी ती आणखी दोन उन्हाळे जगली.

इथल्या दवाखान्यात मैनेच्या तोंडाचा एक्स-रे पाहताना मला ती वाकडी मान आठवली. चांदणीची उजवी दाढ दुखत होती. मामांना ते कळलं होतं. पदवी नाही, एक्स-रे नाही. नुसतं रोज जवळ बसून पाहिल्यामुळे. आजोबा त्यांना अखेरपर्यंत ‘अरे’ म्हणाले. आजोबांना चांदणीचा फार अभिमान, तिचा एक फोटोही भिंतीवर आहे. फोटोत आजोबा खुर्चीवर, चांदणी शेजारी उभी, आणि तिच्या गळ्यातली दोरी धरलेला एक हात. चौकट हातापाशीच संपते.

त्या रात्री मी बाबांना परत फोन केला. म्हटलं, तुमचं बरोबर आहे, आजीच्या दातांकडे कुणी पाहिलं नाही. पण म्हणून मैनेचे घासायचे नाहीत असं नाही ना? आजीचेही पाहायला हवे होते. बाबा "हूं" म्हणाले. मग मी विचारलं, "चांदणीला भरवायचे त्या मामांचं पूर्ण नाव काय होतं?"

चांदणीच्या आईचं नाव बाबांना आठवत होतं, ती कुठून आणली तेही. मामांचं आडनाव आठवेना. गावात दोन ठिकाणी फोन करून त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मेसेजने पाठवलं. खाली लिहिलं होतं, त्यांचा मुलगा आता सांगलीत असतो, नंबर मिळवतो.

नाव मी इथे छापत नाही, कारण त्यांच्या मुलाशी अजून बोलणं झालेलं नाही आणि विचारल्याशिवाय छापणं मला बरं वाटत नाही. पण ते माझ्या वहीत आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाईन तेव्हा भिंतीवरचा तो फोटो काढून त्याच्या मागे तिघांची नावं लिहायची आहेत. बाबा म्हणाले, आजोबांचं आणि चांदणीचं आधीच लिहिलेलं आहे, जागा आहे खाली.